बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर (इ.स. १९०३ - इ.स. १९८४) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते व केंद्रीय मंत्री होते. इ.स. १९५२ ते १९६२ या काळात ते माहिती व नभोवाणी मंत्री होते. भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

जीवन

केसकरांचा जन्म पुण्यात झाला. काशी विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर त्यांनी पॅरिस येथे डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९४६ मध्ये ते काँग्रेसचे सरचिटणीस झाले. इ.स. १९४८ पासून ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते अभ्यासक होते आणि त्यांच्या प्रसारणविषयक धोरणाचे मूळ याच अभ्यासात होते.

आकाशवाणीचे धोरण

संस्थानिकांचा आश्रय संपल्यामुळे निराधार झालेल्या शास्त्रीय संगीताला आकाशवाणीने आधार द्यावा, अशी केसकरांची भूमिका होती. इ.स. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद, तर इ.स. १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले. गायक-वादकांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांची श्रेणी ठरवण्याची पद्धत लागू झाली. श्रीकृष्ण रातंजनकर यांच्या अध्यक्षतेखालील चाचणी मंडळाला मात्र अनेक नामवंत कलावंतांनी विरोध केला. पेटीवरील बंदीचे श्रेय वा दोष पुष्कळदा केसकरांना दिला जातो. परंतु ती बंदी इ.स. १९४० पासूनची होती, केसकरांनी ती कायम ठेवली.

चित्रपटगीतांना त्यांनी कमी वेळ दिला. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून ते वगळण्यात आले. यामुळे चित्रपट निर्मात्यांनी प्रसारणाची परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे इ.स. १९५२ मध्ये सुरू झालेली, अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' अत्यंत लोकप्रिय झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा स्थान दिले.

चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताला उत्तेजन देण्यात आले. महाराष्ट्रात भावगीताला त्याचा लाभ झाला. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ५६ गीतांचे 'गीतरामायण' इ.स. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले. इ.स. १९५६ मध्ये याच केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत व शंका केंद्राला कळवत. इ.स. १९५९ पासून ही योजना देशभर राबवण्यात आली.

दूरचित्रवाणी

१५ सप्टेंबर १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणीचे उद्घाटन झाले. आकाशवाणीच्याच अखत्यारीतील या सेवेला युनेस्कोचे साहाय्य होते. प्रक्षेपक लहान होता व त्याचा आवाका दिल्ली परिसरापुरताच होता. आठवड्यातून दोनदा तासभर प्रसारण होई. संच सामूहिक केंद्रांत ठेवून आरोग्य, नागरिकांची कर्तव्ये अशा विषयांवरील कार्यक्रम दाखवले जात. इ.स. १९६१ मध्ये शालेय पाठांचे प्रसारण सुरू झाले. करमणुकीपेक्षा लोकशिक्षणाला अग्रक्रम देण्याचे धोरण येथेही कायम राहिले. दैनंदिन प्रसारण केसकरांच्या निवृत्तीनंतर, इ.स. १९६५ मध्ये सुरू झाले. मुंबई केंद्र इ.स. १९७२ मध्ये उघडले.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

मंत्रिपदानंतर केसकर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. भारतीय संगीताच्या समस्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ.स. १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

केसकरांच्या कारकिर्दीत अनेक शास्त्रीय कलावंतांना उपजीविका व देशव्यापी श्रोतृवर्ग मिळाला. मात्र शासनाने जनतेची अभिरुची ठरवावी काय, या प्रश्नावर त्यांचे धोरण वादग्रस्त राहिले. परदेशी केंद्र सहज ऐकता येत असताना नियमांच्या बळावर श्रोत्यांना बांधून ठेवता येत नाही, हे चित्रपटगीतांच्या वादातून दिसून आले.