अर्ध्या इंचावर एक भोक : फ्रँक हॉर्नबी यांची गोष्ट

गेल्या सत्रात वर्गात ते जुन्या हिरव्या-तांबड्या पट्ट्यांचे खोके आले आणि तेव्हापासून मधल्या सुट्टीत बिस्किटांपेक्षा मागच्या टेबलाभोवतीच जास्त गर्दी होऊ लागली. खोक्यावर मेकॅनो असे नाव आहे. त्यातून आम्ही मोटारीचा सांगाडा बांधायला घेतला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सांगाडा अजून नीट चालत नाही, पण त्याबद्दल पुढे. हे खोके ज्यांच्या डोक्यातून निघाले त्या फ्रँक हॉर्नबी यांची माहिती या अंकात द्यावी असे सर्वानुमते ठरले. आमचा समज होता की हे गृहस्थ मोठे इंजिनिअर असतील. शोध घेतला तेव्हा कळले की ते हिशेबनीस होते.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी आपण राहतो त्याच देशात, लिव्हरपूल शहरात झाला. वडील किराणा आणि खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. सोळाव्या वर्षी फ्रँकने शाळा सोडली आणि तो वडिलांच्याच धंद्यात रोखपालाचे काम करू लागला. लहानपणी त्याने सॅम्युअल स्माइल्स यांचे सेल्फ हेल्प हे पुस्तक वाचले होते. त्यात गरिबीतून वर आलेल्या संशोधकांच्या कथा आहेत. त्या वाचून आपणही काहीतरी शोधून काढावे असे त्याला वाटू लागले. एकदा सुरू केले की कधीच न थांबणारे यंत्रही त्याने करून पाहिले. असे यंत्र होऊच शकत नाही, हे तुमच्यापैकी मोठ्यांनी शाळेत शिकले असेल.

आता फ्रँक मोठे झाले, तेव्हा आपणही त्यांना अहो-जाहो करू. १८८७ मध्ये त्यांचे क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न झाले. पुढे त्यांना रोलंड आणि डग्लस असे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. १८९९ मध्ये वडील वारले आणि दुकान बंद पडले. मग हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू लागले. पगार बेताचाच होता. संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलांसाठी पत्रा कापून पूल, ट्रक आणि क्रेन बनवीत.

खरी गोष्ट इथून सुरू होते. पत्र्याची क्रेन बनवली की ती क्रेनच राहायची. मुलांना उद्या ट्रक हवा असला तर पुन्हा नवा पत्रा कापायचा, पुन्हा मोजमाप करायचे. हॉर्नबींच्या मनात आले की तेच तुकडे आज क्रेनला आणि उद्या ट्रकला वापरता आले तर? मग त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या हाताने कापल्या आणि प्रत्येक पट्टीला बरोबर अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडली. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येऊ लागली. सुरुवातीला नट-बोल्टसुद्धा त्यांनी घरीच केले.

पण निव्वळ जोडण्यापुरतीच ती भोके असती तर आज आम्ही हा लेख लिहिला नसता. त्याच भोकातून दांडीही जाते आणि ती आत मोकळी फिरते. म्हणजे भोक एकच, पण त्याची कामे दोन: बोल्ट घातला तर जोड, दांडी घातली तर चाकाचा आस. (आस म्हणजे ज्या दांडीवर चाक बसते ती.) त्यामुळे पट्ट्यांची नुसती चौकट न होता चालणारे यंत्र होते. आम्ही खोक्यातली एक पट्टी हातात घेऊन पाहिली तेव्हा हे फार सोपे वाटले. सोपे आहेच, पण ते कोणाच्या तरी आधी लक्षात यावे लागते.

१९०१ च्या जानेवारीत त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याला लागणारे पैसे जवळ नव्हते, म्हणून मालकाकडून, म्हणजे एलियट यांच्याकडून, पाच पौंड उसने घेतले. एलियट यांनी पैसे तर दिलेच, शिवाय कचेरीशेजारची रिकामी जागाही दिली आणि ते हॉर्नबींचे भागीदार झाले. मेकॅनिक्स मेड ईझी या नावाने संच बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा वस्तू कशा बांधायच्या ते सांगणारे पत्रक होते. दुकानदारांना तो फारसा पसंत पडला नाही, कारण दिसायला तो ओबडधोबड होता. मग लिव्हरपूलच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेली-शॉ यांनी त्याची शिफारस केली आणि गाडे थोडे पुढे सरकले. १९०३ साली सुमारे दीड हजार संच खपले, पण नफा झाला नाही. पहिला किरकोळ नफा दिसायला १९०६ साल उजाडले. १९०७ मध्ये मेकॅनो हे नाव नोंदवले गेले. १९०८ मध्ये कंपनी स्थापन करायची वेळ आली तेव्हा एलियट यांनी त्यात न येण्याचे ठरवले आणि हॉर्नबी एकटेच मालक झाले. पाच पौंड देणाऱ्या त्या माणसाबद्दल आम्हाला चुटपुट लागून राहिली. आणखी थोडी वर्षे ते थांबले असते तर!

कारण त्यानंतर धंदा वाऱ्यासारखा वाढला. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला, १९१६ मध्ये मेकॅनो मॅगझिन हे मासिक निघाले. १९२० मध्ये हॉर्नबी रेल्वेगाड्या आल्या. त्याही आरंभी नट-बोल्ट सोडवून सुट्या करता येत. १९२६ मध्ये पट्ट्यांना तांबडा आणि हिरवा रंग मिळाला, तोच आपल्या खोक्यातला रंग. मासिकात आणि जाहिरातीत मात्र सगळीकडे मुलगेच. हे आमच्या वर्गातील मुलींना मुळीच आवडलेले नाही. त्यांचा निषेध आम्ही येथे नोंदवीत आहोत, विशेषतः आमचा सांगाडा कोणी दुरुस्त केला हे पाहता.

आता त्या सांगाड्याविषयी. मेकॅनोने मोठ्या नमुन्यांसाठी वेगळी पत्रके काढली, त्यांतले पहिलेच मोटारीच्या सांगाड्याचे होते. त्यात स्टीयरिंग, गिअरबॉक्स आणि मागच्या आसावर डिफरन्शियल असते. डिफरन्शियलला मराठी शब्द आम्हाला मिळाला नाही, तेव्हा काम सांगतो. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक जास्त अंतर तोडते आणि आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांडीला घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटते. म्हणून आस मध्ये तोडून तेथे दातेरी चाके बसवतात. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना मिळते, आणि तरी एक जलद व दुसरे हळू फिरू शकते. हे पुस्तकात वाचून आमच्यापैकी एकालाही कळले नव्हते. पट्ट्यांनी बांधले, एक चाक बोटाने धरले आणि दुसरे दुप्पट वेगाने फिरू लागले, तेव्हा कळले.

पण दांडा पुढे फिरवला की आमची मोटार मागे जाई! तीन शनिवार आम्ही गिअरबॉक्स उघडत आणि बसवत होतो. शेवटी सहावीतल्या एका विद्यार्थिनीने दाखवून दिले की मागचे मोठे दातेरी चाक आम्ही चुकीच्या बाजूला बसवले होते. ते त्या छोट्या दातेरी चाकाच्या डावीकडून उजवीकडे नेले की सगळी दिशा उलटते. चार बोल्ट सोडवायचे काम. हॉर्नबींच्या खेळण्यात चूक करण्याची सोय आहे आणि ती चूक सोडवण्याचीही.

नुसत्या सांगाड्याने समाधान न होणाऱ्या मुलांसाठी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच कंपनीने मोटारगाड्यांचे वेगळे संच काढले. त्यात चावीवर चालणारे यंत्र असे आणि रंगीत पत्र्याचे भाग नट-बोल्टने जोडायचे असत. एकाच खोक्यातून कधी उघडी स्पोर्ट्स मोटार होई, तर कधी छताची. आज लोक छोट्या मोटारींना आपल्या मनासारखे रूप देतात, त्याचे हे एक जुने, नट-बोल्टचे रूप.

याच सुमारास हॉर्नबींच्या कारखान्यातून दुसरीच एक वस्तू निघाली. शिकागोच्या टूटसीटॉय कंपनीच्या ओतीव धातूच्या छोट्या मोटारी लोकप्रिय झाल्या होत्या. १९३३ मध्ये बिन्स रोडवरही रेल्वेच्या मांडणीत ठेवण्यासाठी सहा छोटी वाहने ओतली गेली. १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉईज हे नाव मिळाले. त्या काळी रेल्वेच्या नमुन्यात खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सुमारे त्रेचाळिसाव्या भागाएवढी प्रतिकृती. पहिल्या डिंकी या मापाला काटेकोर नव्हत्या, पण पुढे मोटारींच्या नमुन्यांत एकास त्रेचाळीस हे प्रमाण पक्के रुजले. घरी हिशेब करून पाहा: ४३० सेंटिमीटर लांबीची मोटार दहा सेंटिमीटरची होते.

गंमत अशी, की ज्या माणसाने आयुष्यभर मुलांच्या हाती पाना दिला, त्याच्या कारखान्याच्या या सर्वांत लाडक्या वस्तूत बांधायला काहीच नव्हते. मोटार तयार मिळे, ती ढकलायची. नंतरच्या बहुतेक डिंकींचा तळ तर रिवेट ठोकूनच बंद केलेला असे. आणि धातूतही एक खोट होती. जस्ताच्या मिश्रणात शिशाचा अंश मिसळला की काही वर्षांनी तो धातू फुगतो, त्याला तडे जातात आणि मोटार कपाटातल्या कपाटात भुगा होते. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. मेकॅनोची पट्टी गंजते, पण भोक शाबूत राहते.

हॉर्नबी १९३१ मध्ये एव्हर्टनमधून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आले आणि १९३५ पर्यंत खासदार राहिले. तेथे त्यांनी विशेष काही केल्याचे आमच्या वाचनात आले नाही. तोवर ते लक्षाधीश झाले होते, पण प्रकृती खालावली होती. मधुमेह होता, हृदयही कमजोर झाले होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मॅगहल येथे त्यांना पुरले आहे.

त्यांच्यामागे कारखाना त्रेचाळीस वर्षे चालला. १९६४ मध्ये तो दुसऱ्या कंपनीने घेतला, १९७१ नंतर तिसऱ्या, आणि १९७९ च्या नोव्हेंबरात बिन्स रोडचे दरवाजे बंद झाले. डिंकीचे काही साचे त्याआधीच कलकत्त्याला गेले होते. तेथे त्यांतून निकी टॉईज या नावाच्या मोटारी निघत. पालकांनो, भारतात लहानपणी तुमच्या हातात अशी एखादी मोटार आली असेल तर तिचा साचा लिव्हरपूलचा होता. घरी कोणाकडे असल्यास कृपया वर्गात दाखवायला आणावी. आम्ही ती खोलणार नाही.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, कारण वर्गात दोन पक्ष पडले आहेत. आज पुष्कळ छंदिष्ट लोक रंग उडालेल्या जुन्या डिंकी विकत घेतात, रिवेटचे डोके ड्रिलने काढून तळ सुटा करतात, जुना रंग उतरवून नवा देतात, नवे टायर चढवतात, कोणी छप्पर कापून उघडी मोटार करतो. एक पक्ष म्हणतो की जुन्या वस्तूला हात लावू नये, तिचा खरा रंग गेला की तिची किंमतही गेली. दुसऱ्या पक्षाच्या मते खेळणे कपाटात ठेवायचे असेल तर घ्यायचेच कशाला. आमच्यापैकी काहींच्या मते हॉर्नबींनी पहिल्यांदा ड्रिलच मागितले असते, पण हे आम्ही त्यांच्या नावावर खपवू शकत नाही.

सांगाडा आता पुढे जातो. पुढच्या आसासाठी एक दांडी आखूड पडते आहे. कोणाच्या घरी भारतातून आणलेला मेकॅनिक्सचा संच असेल तर येत्या शनिवारी आणावा, त्यातली दांडी आपल्या पट्टीच्या भोकात बसते का ते पाहायचे आहे.