बंद पडलेली वाणी

रमजानमध्ये रोजाविषयीचे बयान ऐकताना इमाम गझाली (रह.) यांचे नाव हमखास कानावर पडते. पोटाचा रोजा, डोळे-कान-जिभेचा रोजा आणि त्याहून वरचा हृदयाचा रोजा, या तीन पायऱ्या त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात सांगितल्या. पण हा ग्रंथ लिहिण्याआधी त्यांची स्वतःची जीभ बंद पडली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

जन्म १०५८ चा, खुरासानातील तूसचा. वडील लोकर कातून पोट भरत. मुले लहान असतानाच ते वारले. जाताना त्यांनी जवळची थोडी पुंजी एका सूफी मित्राच्या हवाली केली आणि मुलांना शिकवण्याची विनंती केली. पुंजी संपली तेव्हा त्या मित्राने दोन्ही भावांना मदरशाची वाट दाखवली, कारण तिथे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होती. इमामसाहेबांनी पुढे हे लपवले नाही. इल्मच्या दारात आपण भाकरीसाठी आलो होतो, अल्लाहसाठी नव्हे, याची कबुली त्यांनी दिली.

बुद्धी मात्र अफाट होती. १०९१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, वजीर निजामुल्मुल्कने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. समोर तीनशे विद्यार्थी, दरबारात मान. वादात त्यांना हरवणे कठीण. अल्लाहच्या अस्तित्वावर, त्याच्या गुणांवर ते बिनतोड दलील देत. पुढच्याच वर्षी रमजान महिन्यात निजामुल्मुल्कची हत्या झाली, पाठोपाठ सुलतान मलिकशाहही गेला. ज्यांच्या छायेत ही प्रतिष्ठा उभी होती, ते दोघेही राहिले नाहीत.

१०९५ च्या रज्जब महिन्यात आतली घालमेल सुरू झाली. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न सुटेना. सकाळी सगळे सोडून जाण्याचा निश्चय करावा आणि संध्याकाळी तो मोडावा, असे जवळपास सहा महिने चालले. त्या वर्षीचा रमजानही याच काळात गेला. अखेर जीभच अडकली. शिष्यांसाठी एक दिवस तरी शिकवावे म्हणून बसत, पण शब्द उमटत नसे. घास गिळवेना, अन्न पचेना. हकिमांनी हात टेकले. दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, मन हलके झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे निदान होते.

ज्याच्याविषयी आयुष्यभर दलील दिली, त्याच्याकडे आता हात पसरण्याखेरीज काही उरले नाही. सगळे उपाय खुंटलेल्या माणसाने मागावे तसे त्यांनी मागितले. त्यानंतर पद, पैसा, गोतावळा सोडणे सोपे झाले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वादात सिद्ध करायचा अल्लाह आता हाक ऐकणारा झाला होता.

मक्केला जातो असे सांगून ते निघाले, पण गेले दमास्कसला. खलिफा अडवील ही भीती होती. इतक्या मोठ्या आलिमालाही निघताना खरे बोलता आले नाही, हे वाचून मला ते अधिक जवळचे वाटतात. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीचा पैसा त्यांनी वाटून टाकला. दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसच्या दिवस इबादत करत. नंतर जेरुसलेम, मग हेब्रोन. तिथे हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या कबरीजवळ त्यांनी तीन गोष्टी सोडल्या: राजाचा पैसा, राजाचा दरबार आणि जाहीर वादविवाद. पुढे हजही केला.

मुलांच्या ओढीने ते परतले. काही काळ निशापूरला पुन्हा शिकवलेही. शेवटी तूसमध्ये घराशेजारी छोटा मदरसा आणि खानकाह चालवली. ११११ च्या डिसेंबरात एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू केला, नमाज पढली आणि कफन मागवले. ते डोळ्यांना लावून ते किब्ल्याकडे तोंड करून आडवे झाले, असे त्यांचे बंधू अहमद सांगत. सूर्य उगवण्याआधी ते गेले होते.