शिंगाच्या कार्डावरचं वादळ

चक्रीवादळ आलं की तुम्ही काय करता? मोबाइल काढता. नकाशावर फिरणारा रंगीत भोवरा झूम करून बघता आणि तो आपल्यापासून किती लांब आहे ते शोधता. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा लॉकडाऊन होता आणि तुमच्यातले बरेच जण शाळेत होते. अलिबाग ते संगमनेर सरळ रेषेत साधारण १७५ किलोमीटर, मध्ये अख्खा सह्याद्री. तरी वादळाचा रोख उत्तर महाराष्ट्राकडेच होता. असं अंतर काढायला आता फक्त दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश टाकायचे. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणून किलोमीटर करायचे, वेळ यूटीसीमध्ये असेल तर साडेपाच तास मिळवायचे. तेही वेबसाइटच करून देते.

या सगळ्या टूल्सचा एक खापरपणजोबा आहे आणि तो कोलकात्याचा. नाव हेन्री पिडिंग्टन. आपण रोज 'सायक्लोन' म्हणतो ना, तो शब्दच त्याने बनवला.

पिडिंग्टन १७९७ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात जन्मला. तरुणपणी व्यापारी जहाजांवर गेला, कप्तान झाला, मग समुद्र सोडून कोलकात्यात स्थायिक झाला. तिथे तो एका भूगर्भशास्त्रीय संग्रहालयाचा क्युरेटर होता. म्हणजे नोकरी दगड-खनिजांची आणि डोक्यात वादळं! १८३८ मध्ये विल्यम रीड या लष्करी इंजिनिअरचं वादळांच्या नियमांवरचं पुस्तक आलं. वादळातला वारा सरळ वाहत नाही, एका केंद्राभोवती फिरतो, हे त्यात मांडलं होतं. ते वाचून पिडिंग्टन झपाटला. १८३९ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात झालेल्या वादळावर त्याने पहिला निबंध लिहिला आणि पुढची पंधराएक वर्षं तो लिहितच राहिला.

त्याच्याकडे डेटा कुठून यायचा? सॅटेलाइट नाही, रडार नाही. बंदरात जहाज लागलं की तो त्याची लॉगबुकं मिळवायचा. अमुक तारखेला, अमुक वाजता जहाज कुठे होतं, वारा कोणत्या दिशेचा, बॅरोमीटर किती. अशा वेगवेगळ्या जहाजांच्या एकाच वेळच्या नोंदी नकाशावर मांडल्या की वादळाचं केंद्र सापडायचं. दुसऱ्या दिवसाच्या नोंदी मांडल्या की ते किती सरकलं तेही कळायचं. झाला ट्रॅक तयार.

या नोंदींमधली 'चार्ल्स हेडल' या जहाजाची गोष्ट भन्नाट आहे. १८४५ मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडलं आणि वारा नेईल तसं पाच दिवस पळत राहिलं. खलाशांच्या हिशेबाने अंतर झालं तेराशेहून जास्त सागरी मैल, म्हणजे सुमारे २,४०० किलोमीटर. प्रत्यक्षात सरळ रेषेत जहाज सरकलं होतं जेमतेम साडेतीनशे मैल. घाण्याच्या बैलासारखं ते केंद्राभोवती गोल गोल फिरत होतं! कापलेलं अंतर आणि विस्थापन यातला फरक तुम्ही फिजिक्सच्या पेपरात लिहिला असेल. त्या खलाशांनी तो अंगावर घेतला. वारा वेटोळं घालतो याचा याहून चांगला पुरावा काय हवा? सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून पिडिंग्टनने 'सायक्लोन' शब्द घडवला आणि १८४८ च्या पुस्तकात छापला.

पुस्तकाचं नाव 'सेलर्स हॉर्न-बुक'. हॉर्न-बुक म्हणजे तिकडच्या पोरांची अंकलिपी. कागद फाटू नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा लावलेला असायचा. पिडिंग्टनने खलाशांसाठी अंकलिपी लिहिली आणि सोबत खरोखरच शिंगाची पारदर्शक कार्डं दिली. उत्तर गोलार्धासाठी एक, दक्षिणेसाठी एक. कार्डावर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण. वापरायचं असं: सागरी नकाशावर आपलं जहाज जिथे आहे तिथे कार्ड ठेवा, आता वाहतोय त्या वाऱ्याचा बाण त्या जागेवर आणा. कार्डाचा मध्य ज्या दिशेला येईल तिकडे वादळाचं केंद्र. कार्ड नसेल तर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. आपल्या गोलार्धात केंद्र साधारण उजव्या हाताला असतं.

दिशा कळली, पण अंतर? त्यासाठी त्याने कोष्टक केलं. बॅरोमीटर तासाला दोन ते सहा शतांश इंच उतरत असेल तर केंद्र २५० ते १५० मैलांवर. बारा ते पंधरा शतांश उतरू लागला तर ८० ते ५० मैलांवर. हा शुद्ध कन्व्हर्जन चार्ट आहे, फक्त बॅटरी लागत नाही. उत्तर ढोबळच यायचं. शिवाय वारा अगदी वर्तुळात न फिरता आत वळत जातो, त्यामुळे कार्डही थोडं चुकायचं. नंतरच्या लोकांनी ते दुरुस्त केलं. पण खवळलेल्या समुद्रात कुठल्या दिशेला जाऊ नये एवढं कळणंही पुष्कळ होतं.

समुद्रावरच्या लोकांनी त्याचं ऐकलं. जमिनीवरच्यांनी नाही. कोलकात्याच्या हुगळी नदीत गाळ साचत होता, म्हणून सरकारने मातला नदीवर नवं बंदर बांधायचं ठरवलं. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून इशारा दिला: इथे एक दिवस चक्रीवादळ येईल, सोबत समुद्राचं पाणी चढेल आणि बंदर बुडेल. वाऱ्यापेक्षा हे पाणी जास्त घातक, हे त्याला जुन्या नोंदींवरून माहीत होतं. १७८९ मध्ये आंध्र किनाऱ्यावरच्या कोरिंगात लाटांनी काय केलं त्याची हकीकत त्याने जमवली होती. पत्राचा काही उपयोग झाला नाही. दगडांच्या संग्रहालयातल्या माणसाचं बंदराबद्दल कोण ऐकणार?

१८५८ मध्ये तो कोलकात्यातच वारला. बंदर, रेल्वे, हॉटेल असं सगळं उभं राहिलं आणि त्याला नाव मिळालं पोर्ट कॅनिंग. ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्याला भीषण चक्रीवादळाने झोडपलं, हजारोंनी माणसं मेली. त्यानंतर बंदराला वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं आलं. दरम्यान १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये मातलाचं पाणी चढून आलं. लाट सहाएक फुटांचीच होती, पण तेवढीने पोर्ट कॅनिंगचं काम झालं. काही वर्षांत सरकारने बंदर सोडून दिलं.

कॅनिंग आजही आहे. सियालदहवरून लोकल जाते आणि सुंदरबनला निघालेले प्रवासी तिथे उतरतात. जहाजं मात्र तिथे लागत नाहीत.