छापील स्त्रीला उत्तर देणाऱ्या ताराबाई

नागपूरच्या रामदासपेठेत इस्पितळे आणि दवाखाने यांची दाटी आहे. तेथील प्रतीक्षागृहांत मोबाइलच्या या काळातही कोठे कोठे मासिके पडलेली दिसतात. नंबर लागेपर्यंत ती चाळणाऱ्या वाचकाला त्यांत स्त्री-पुरुषांची एक ठरलेली वाटणी आढळते. स्त्री मुखपृष्ठावर असते, दागिन्यांच्या आणि साबणाच्या जाहिरातींत असते, मुलांना जेवू घालताना असते. पुरुष गुंतवणुकीचा सल्ला देतो, मोटार चालवतो, देशाच्या प्रश्नांवर मत मांडतो. तिने कसे दिसावे व कसे वागावे याचे सल्ले पानोपानी असतात; त्याने कसे वागावे, हा प्रश्न क्वचितच निघतो.

ही वाटणी रंगीत छपाईबरोबर आली, असे समजण्याचे कारण नाही. मराठी छापखाना तरुण होता तेव्हाही ती होती आणि तिच्यावर नेमके बोट ठेवणारी पहिली मोठी लेखणी याच विदर्भातली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. वर्तमानपत्रे, नाटके आणि कादंबऱ्या स्त्रीचे जे चित्र रंगवीत होती, त्याचा हिशेब त्यांनी त्यात मागितला. हे त्यांचे एकमेव प्रकाशित पुस्तक होय.

वऱ्हाडातील घर

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यातील एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सुधारकी विचारांच्या या गृहस्थांचा महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक वर्तुळाशी संबंध होता. त्यांनी स्वतः १८७१ मध्ये सुशिक्षित एतद्देशीयांना उद्देशून एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. चार मुलगे आणि एकच मुलगी असा हा संसार. मुलींसाठी शाळा नसलेल्या त्या गावात बापूजींनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे ताराबाईंचे लग्न लहान वयातच झाले. मात्र जावई घरजावई म्हणून राहावयास आल्याने त्यांना सासर असे पाहावे लागले नाही. सासुरवाशिणीला जे मिळत नसे, ते त्यांना माहेरीच राहिल्यामुळे मिळाले: वाचायला वेळ, हाती पुस्तके आणि काही प्रमाणात मनाप्रमाणे बोलण्याची मोकळीक. तरीही आपण मराठा घराच्या बंदिस्त चौकटीत राहणारी स्त्री आहोत, याची जाणीव त्यांनी पुस्तकाच्या प्रस्तावनेत करून दिली आहे. चार भिंतींत येणारा छापील कागद हीच त्यांची बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकी होती. त्या खिडकीतून जे दिसले, त्यानेच त्यांना लिहिते केले.

सुरतेचा खटला

१८८० च्या आगेमागे मराठी मुद्रणाला उधाण आले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून गाजत होती. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये निघाले, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ च्या आरंभी सुरू झाले. स्त्रियांनी शिकावे की नाही, विधवांनी पुन्हा लग्न करावे की नाही, यावर स्तंभच्या स्तंभ भरत होते. लिहिणारे बहुतेक सारे पुरुष होते आणि ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्या स्त्रियांचा आवाज त्यांत जवळजवळ नव्हता.

अशा वातावरणात १८८१ मध्ये सुरतेकडील एक खटला देशभर गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेस्तव आपल्या नवजात अर्भकाला मारल्याचा आरोप तिच्यावर होता. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा ठोठावली. मुंबई उच्च न्यायालयात अपील झाल्यावर फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे तीही पाच वर्षांवर आणण्यात आली.

विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा पाव शतक लोटले होते. तो १८५६ मध्ये झाला. पण उच्च जातींत पुनर्विवाह करणारीवर बहिष्कार पडे आणि न करणारी विधवा फसली तर तिला विहिरीखेरीज वाट उरत नसे. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. विजयालक्ष्मीच्या खटल्यात या सर्व व्यवस्थेचा विचार होऊ शकला असता. वृत्तपत्रांच्या एका वर्गाने मात्र तिच्या अपराधाचे निमित्त करून समस्त स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. सनातनी मताच्या ‘पुणे वैभव’ या पत्राने स्त्रियांच्या वाढत्या स्वैरपणावर कोरडे ओढणारा मजकूर छापला. ताराबाईंचे पुस्तक हे त्याला दिलेले उत्तर होते.

आरोपपत्राची उलटतपासणी

‘स्त्री पुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती ५०० काढल्या आणि किंमत नऊ आणे ठेवली. पुस्तकाच्या नावातच त्याची युक्ती आहे. त्या वेळच्या लिखाणात स्त्री हा चर्चेचा विषय असे, तर पुरुष हा चर्चा करणारा असे. ताराबाईंनी तराजू आणला आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषाला बसविले. ज्या दुर्गुणांचे खापर स्त्रियांच्या माथी फोडले जाते, तेच पुरुषांत आहेत की नाहीत, असले तर किती अधिक आहेत, एवढाच त्यांचा सवाल होता.

स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, साहसाचे माहेरघर, कपटाची खाण, अशा आशयाची दूषणे संस्कृत सुभाषितांतून चालत आलेली होती आणि मराठी लेखक ती बिनदिक्कत वापरीत. ताराबाईंनी ती एकेक करून उचलली आणि प्रत्येकीची उलटतपासणी घेतली. कपट म्हणावे, तर लाचलुचपत आणि फसवणूक यांचे व्यवहार कोणाच्या हातून होतात? संशय म्हणावे, तर बायकोला दाराआड ठेवणारा कोण? व्यभिचार म्हणावे, तर विधवेला फसवून नामानिराळा राहणारा पुरुष कोठे जातो? विजयालक्ष्मीच्या खटल्यात हा शेवटचा प्रश्न सर्वांत बोचरा होता, कारण शिक्षा एकाच व्यक्तीला झाली होती.

पतीला देव मानण्याचा उपदेश त्यांनी असाच उलटवून पाहिला. नवरा देव असेल तर त्याने देवासारखे वागायला नको काय, अशी त्यांची मांडणी आहे. बायको मेली की पुरुषाने लगेच दुसरी करावी आणि नवरा मेला की बाईने केस काढून कोपऱ्यात बसावे, यामागचा न्याय त्यांना मान्य नव्हता. पुनर्विवाहबंदीचा दंडक ब्राह्मणांपुरता राहिला नसून घरंदाज मराठ्यांतही शिरला आहे, हेही त्यांनी दाखविले. सुधारणेची चर्चा तेव्हा मुख्यतः ब्राह्मण विधवांभोवती फिरत असल्याने हे निरीक्षण महत्त्वाचे ठरते.

पुस्तकाचा सर्वांत दूरदृष्टीचा भाग मनोरंजनाच्या वाङ्मयाविषयीचा आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. या अद्भुतरम्य कादंबऱ्या घरोघर वाचल्या जात. त्यांत आणि रंगभूमीवरील ‘मनोरमा’सारख्या नाटकात स्त्रिया दोनच साच्यांतून ओतल्या जातात, हे ताराबाईंनी ओळखले. एक तर ती दुःख मुकाट सोसणारी साध्वी, नाही तर शिकून किंवा मोकळीक मिळून बिघडलेली कुलटा. खऱ्या संसारातील बाई या दोहोंपैकी कोणीच नसते. तरीही या पुस्तकांवर पोसलेला वाचक शेजारच्या घरातील विधवेकडे पाहतो तेव्हा त्याला तिच्यात कुलटाच दिसते. छापील चित्र हे समाजाचे प्रतिबिंब आहे, ही समजूत येथे मोडीत निघते. चित्र आधी रेखाटले जाते आणि मग जिवंत माणसे त्या मापाने मोजली जातात, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार आहे.

सुशिक्षित पुरुषाचे चित्रही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. साहेबी कपडे, बूट आणि नव्या चालीरीती त्याने स्वतःसाठी खुशाल उचलल्या. धर्म सांभाळण्याची जबाबदारी तेवढी त्याने घरातील बायकांवर सोपविली. परिवर्तन पुरुषाचे झाले तर प्रगती आणि स्त्रीचे झाले तर अधोगती, या दुटप्पीपणाला त्यांनी आपल्या बोलीतील म्हणी आणि टोमण्यांनी सोलून काढले. ‘निबंधमाले’च्या काळातील घोटीव गद्याशी या भाषेचे काहीच नाते नाही. ती ओसरीवर भांडणाऱ्या बाईची भाषा आहे आणि तेच तिचे बळ आहे.

त्यांच्या विचारालाही काळाची मर्यादा होती. विवाहसंस्था मोडावी असे त्यांनी म्हटले नाही, राजकीय हक्क मागितले नाहीत, पातिव्रत्याचा आदर्शही पूर्णपणे टाकून दिला नाही. त्यांचे मागणे साधे होते. नीतीचे जे माप स्त्रीला, तेच पुरुषाला लावावे.

पुस्तकानंतरचे मौन

त्याच १८८२ सालात पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. काळ अनुकूल होत असल्याचे ते चिन्ह वाटावे. पण ताराबाईंच्या वाट्याला उपहास आणि राग आला. विरोध केवळ सनातन्यांनी केला असता तर नवल नव्हते. सत्यशोधक गोटातील काही पुरुषांनाही ही भाषा झोंबली. तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची पाठराखण करून टीका करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांचे कान उपटले.

तेवढ्याने वातावरण निवळले नाही. ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही. बत्तिशीच्या आसपास असलेल्या, तीन भाषा शिकलेल्या या लेखिकेची लेखणी एका पुस्तकानंतर थांबली आणि मराठी वाङ्मयाचे त्यात केवढे नुकसान झाले, हे ते पुस्तक वाचले म्हणजे कळते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि बुलढाण्याचा कारभार नागपूरहून चालू लागला. त्यानंतर काही वर्षांनी, १९१० च्या सुमारास, ताराबाईंचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत मुद्रणाचे जग हळूहळू बदलत होते. १९०८ मध्ये तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’चे संपादकपद हाती घेतले. पुढे १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले आणि मध्यमवर्गीय घरांतील बायकांना आपले असे एक व्यासपीठ मिळाले. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. ताराबाईंनी एकटीने मांडलेला प्रश्न आता मासिकांच्या पानांवर चर्चेला येऊ लागला.

स्वतः ताराबाई मात्र नव्वद वर्षे विस्मृतीतच होत्या. डॉ. स. गं. मालशे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ शोधून काढून १९७५ मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि महाराष्ट्रात स्त्रीमुक्तीची चळवळ आकार घेत होती. कार्यकर्त्यांना आपली पूर्वज सापडली. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला आणि बुलढाण्याचे हे पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९८६ मध्ये झाला. जाहिराती आणि प्रकाशने त्याच्या कक्षेत येतात. अश्लीलतेवर त्याने बोट ठेवता येते. साध्वी आणि कुलटा यांच्या साच्यावर कोणत्याही कलमाने ठेवता येत नाही. आदर्श सून, त्यागी आई, घर सांभाळून नोकरी करणारी हसतमुख गृहिणी ही चित्रे सभ्यच असतात. त्यांची तपासणी वाचकालाच करावी लागते. त्यासाठी ताराबाईंनी घालून दिलेली रीत आजही उपयोगी आहे. पानावर स्त्रीला जे सांगितले असेल, ते वाचताना तिच्या जागी पुरुषाला ठेवून पाहावे. वाक्य हास्यास्पद वाटले, तर दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे.