उस्ताद अहमदजान थिरकवा

गाण्याची मैफल भरली म्हणजे श्रोत्यांचे डोळे गायकाकडे लागलेले असतात. तंबोरे त्याच्या मागे असतात, सारंगी किंवा पेटी एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला तबलावादक बसलेला असतो. गायकाने तान घेऊन अचूक सम गाठली की माना डोलतात, वाहवा होते. परंतु ती सम जागच्या जागी राखून ठेवणारे दोन हात कोणाचे, इकडे थोड्यांचेच लक्ष जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तर तबलावादकाची फारच उपेक्षा होत असे. त्याला बिदागी थोडी मिळे आणि 'तबलजी' हा शब्दही कित्येकदा हलकेपणाने उच्चारला जाई. अशा काळात केवळ तबला ऐकण्यासाठी श्रोते गोळा व्हावेत, ही गोष्ट ज्यांनी घडवून आणली, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव अग्रभागी आहे.

उत्तर प्रदेशात मुरादाबाद नावाचे शहर आहे. पितळेच्या नक्षीदार भांड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्या शहरात इ. स. १८९२ च्या सुमारास अहमदजान यांचा जन्म झाला. त्या काळी जन्मतिथी लिहून ठेवण्याची चाल सर्वत्र नव्हती. त्यामुळे त्यांचे जन्मवर्ष काहीजण याच्याही बरेच मागचे सांगतात. घराणे संगीताचे होते. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत. मुलानेही आपल्यासारखे सुरांचेच शिक्षण घ्यावे, म्हणून त्यांनी त्याला प्रथम गाणे आणि सारंगी शिकविण्यास आरंभ केला. मुलाचे मन मात्र तबल्याकडे ओढ घेत होते. घरातील वडीलधाऱ्यांत तबला जाणणारी मंडळी होती. त्यांच्याकडून त्याने पहिले बोल उचलले.

बाराव्या वर्षाच्या सुमारास अहमदजान उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. मुनीर खाँ हे मुंबईत राहत. ठिकठिकाणच्या उस्तादांकडे जाऊन त्यांनी जुन्या बंदिशींचा मोठा संग्रह केला होता. दिल्लीचा तबला निराळा, लखनौचा निराळा, अजराड्याचा निराळा आणि फरुखाबादचाही निराळा. दिल्लीकडील वादक तबल्याच्या कडेवर, जिला चाट म्हणतात तिच्यावर, दोन बोटांनी नाजूक काम करतात. लखनौकडील वादक हाताचा अधिक भाग वापरून, चाट आणि शाई यांमधल्या लवेवरून मोकळा, घुमणारा नाद काढतात. एका घराण्याची विद्या दुसऱ्या घराण्याला सहजासहजी मिळत नसे. मुनीर खाँ यांच्यापाशी ती एकत्र आली होती आणि पुढे अहमदजान यांच्या हातांतही ती एकत्रच उतरली.

हे शिक्षण सोपे नव्हते. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणावयाचे असतात. धा, धिं, ना, तिरकिट अशी अक्षरे लयीत बिनचूक म्हणता येऊ लागली म्हणजे मग ती बोटांतून काढावयाची. डाव्या हाताखाली धातूचा डग्गा, उजव्या हाताखाली लाकडी तबला. दोन्हींचा नाद निराळा. तरी दोन्ही मिळून एकच शब्द बोलला पाहिजे. एकच बोल दिवसभर घोटावा, बोटे दुखावीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोलापासून आरंभ करावा, असा तो क्रम असे. अहमदजान यांनी असा रियाज वर्षानुवर्षे केला. त्यांच्या नावाची कथा याच दिवसांतली आहे. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ हे एकदा या मुलाचा रियाज ऐकत बसले होते. मुलाची बोटे तबल्यावर एखाद्या नर्तकाच्या पावलांसारखी नाचत होती. हिंदीत असे लयीत नाचण्याला थिरकना म्हणतात. म्हाताऱ्या उस्तादांनी कौतुकाने मुलाला थिरकवा म्हटले, असे सांगतात. अहमदजान खाँ हे नाव मागे पडले आणि लोक त्यांना थिरकवा म्हणूनच ओळखू लागले.

त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांना मोठा बहर आला होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी इ. स. १९१३ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. इ. स. १९१६ मध्ये या मंडळीने 'स्वयंवर' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या होत्या. मैफलीतले रागदारी संगीत त्यांनी नाटकाच्या पदांत आणले. अशा पदांना साथही तशीच जाणत्या हाताची हवी. उत्तम ते सर्व आपल्या मंडळीत असावे, मग खर्च किती का होईना, अशी बालगंधर्वांची वृत्ती होती. पडदे उंची, वस्त्रे उंची, अत्तरे उंची. मग साथीदार सामान्य कसे चालतील? सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, अशी जोडी या मंडळीला लाभली.

मुरादाबादचा हा उस्ताद अशा रीतीने मराठी नाटकमंडळीबरोबर गावोगाव फिरू लागला. रंगमंचावरील मराठी भाषणे त्यांच्या मातृभाषेतील नव्हती. पण स्वर आणि लय यांना भाषेची आडकाठी होत नाही. तरीही नाटकातील साथ ही मैफलीतील साथीपेक्षा अवघड असते. मैफलीत गायक तबलावादकाच्या शेजारी बसलेला असतो. नाटकात तो रंगमंचावर वावरत असतो, अभिनय करीत असतो, मध्येच थांबून बोलत असतो. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे आणि तबल्याने तो झाकताही कामा नये. त्यातच प्रेक्षकांचे 'वन्समोअर' येत. एकेक पद अनेकदा पुन्हा म्हणावे लागे आणि बालगंधर्व ते प्रत्येक वेळी नव्या तऱ्हेने खुलवून म्हणत. ते कोठे थांबतील, कोणत्या अक्षरावर रेंगाळतील आणि समेवर कसे येतील, हे साथीदाराला आधी सांगितलेले नसे. ते क्षणात ओळखावे लागे.

'एकच प्याला' या नाटकात बालगंधर्व सिंधूची भूमिका करीत. दारूच्या व्यसनाने घर उद्ध्वस्त झालेली ती दुःखी स्त्री. तिच्या तोंडच्या पदाला तबल्याने गडगडाट करून कसे चालेल? ज्याच्या बोटांत शेकडो बोल खेळत आहेत, ज्याच्या द्रुत लयीवर लोक लुब्ध आहेत, त्या वादकाने अशा वेळी साधा ठेका धरून बसावयाचे असते. आपल्याजवळ असलेले न दाखविणे हे असलेले दाखविण्याहून फार कठीण. थिरकवा यांच्या साथीची थोरवी येथे दिसून येई. त्यांच्या साध्या ठेक्यातही असे वजन असे की गाणाऱ्याला आधार वाटावा, आणि पदात मोकळी जागा मिळाली म्हणजे ते एखादाच मोहक तुकडा लावून पुन्हा ठेक्यावर येत. जाणकार प्रेक्षक त्या एका तुकड्याची वाट पाहत. बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर खाँसाहेबांचा तबला ऐकावयाचा म्हणूनही तिकिटे काढणारे लोक होते. रंगभूमीपुढे एका बाजूला बसणाऱ्या साथीदाराला असा मान क्वचितच मिळाला असेल.

साथीत इतका संयम राखणारा हा वादक एकटा वाजवावयास बसला म्हणजे मात्र सारे भांडार उघडी. स्वतंत्र वादनात सारंगीवर किंवा पेटीवर एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. तिला लेहरा म्हणतात. त्या लेहऱ्याच्या आधाराने वादक सोळा मात्रांच्या तीनतालात आपली इमारत उभारतो. आरंभी संथ आणि डौलदार पेशकार, मग नियमात बांधलेला आणि हळूहळू फुलत जाणारा कायदा, पुढे पाण्याच्या धारेसारखा वाहणारा रेला, आणि शेवटी जुन्या उस्तादांनी रचलेल्या गती व तुकडे. थिरकवा यांचा पेशकार विशेष नावाजलेला होता. वाजविताना ते ताठ बसत. मान हलविणे, चेहऱ्यावर आवेश आणणे, हात उगाच उंच उडविणे यांपैकी काही नाही. चेहरा शांत आणि बोटे बोलत आहेत. लय कितीही वाढली तरी प्रत्येक अक्षर सुटे आणि स्वच्छ ऐकू येई. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. तेवढ्यात बसविलेले त्यांचे तबलावादनही ध्वनिमुद्रित झाले आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते अशांच्या घरी जाऊन पोचले.

इ. स. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि पाहता पाहता नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. संगीत नाटकावर जगणारे अनेक कलावंत अडचणीत आले. थिरकवा यांना रामपूर संस्थानात आश्रय मिळाला. रामपूर हे मुरादाबादहून जवळच आहे. म्हणजे एका परीने ते घरीच परतले. या दरबाराला संगीताची मोठी परंपरा होती. थोर बीनकार वजीर खाँ एका पिढीपूर्वी येथेच होऊन गेले. थिरकवा तेथे होते तेव्हा नवाब रझा अली खाँ गादीवर होते. ते स्वतः संगीताचे जाणकार होते आणि गायक मुश्ताक हुसेन खाँ हे त्यांच्या दरबाराचे भूषण होते.

दरबारी तबलावादकाचे काम काय, हे समजून घेण्यासारखे आहे. दरबारात दूरदूरचे गायक, सतारिये, सरोदिये पाहुणे म्हणून येत. पाहुणा संध्याकाळी गावात उतरे आणि रात्री मैफल होई. आधी तालीम कोठली! पाहुण्याचा षड्ज कोणता, तो कोणता ताल घेणार, लय किती संथ ठेवणार, यांपैकी काहीच ठाऊक नसे. तबलावादकाने हातोडीने गठ्ठे ठोकून तबला त्याच्या स्वरात मिळवावयाचा आणि त्याने पहिली ओळ उचलली की ताल ओळखून ठेका धरावयाचा. एखादा गायक चौदा मात्रांचा झुमरा इतका विलंबित घेई की एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत जाताना साधा वादक गोंधळून जावा. एखादा सतारिया लयीची अशी कोडी घाली की त्यात साथीदार अडकावा आणि श्रोत्यांनी हसावे. पाहुण्याला हरविणे शोभत नाही आणि स्वतः हरणे तर मुळीच परवडत नाही! दर मैफलीला नवा माणूस आणि नवी परीक्षा. थिरकवा यांनी अशी वर्षानुवर्षे साथ केली. मुंबईत मुनीर खाँ यांच्याकडे मिळविलेली अनेक घराण्यांची विद्या त्यांना येथे उपयोगी पडली, आणि रंगभूमीवर अंगी बाणलेली सावधगिरीही.

इ. स. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. इ. स. १९४९ मध्ये रामपूर संस्थान भारतात विलीन झाले. ही गोष्ट देशाच्या हिताचीच होती. पण राजदरबारांवर अवलंबून असलेल्या कलावंतांपुढे उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. उतारवयाकडे झुकलेल्या थिरकवा यांना नवे जीवन आरंभावे लागले. लखनौला इ. स. १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने एक संगीत महाविद्यालय स्थापन झाले होते. पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव मिळाले. तेथे थिरकवा तबल्याचे अध्यापक झाले. गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून विद्या मिळवावयाची, ही त्यांच्या लहानपणची रीत. येथे घंटा होताच मुले वर्गात येत आणि घंटा होताच निघून जात! जुन्या वळणाच्या उस्तादाला हा बदल केवढा वाटला असेल! तरीही त्यांनी हे काम पत्करले आणि लखनौ हेच त्यांचे गाव झाले.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते मात्र तुटले नाही. त्यांच्या शिष्यांत मराठी नावे पुष्कळ आहेत. लालजी गोखले त्यांच्याकडे शिकले. प्रसिद्ध गायक जगन्नाथबुवा पुरोहित यांनी त्यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले होते, आणि भाई गायतोंडे हे आधी जगन्नाथबुवांकडे व मग प्रत्यक्ष थिरकवा यांच्याकडे शिकले. बंगालचे निखिल घोष हेही त्यांचे शिष्य. त्यांनी मुंबईत संगीताचे विद्यालय काढून अनेक विद्यार्थी तयार केले.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. इ. स. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. पूर्वी ज्या वर्गाला मैफलीत नीट आसनही मिळत नसे, त्या वर्गातील एका वादकाला राष्ट्राकडून हा सन्मान मिळाला. त्या वेळी त्यांची ऐंशी वर्षे भरत आली होती. त्या वयातही ते व्यासपीठावर बसून स्वतंत्र तबला वाजवीत. शरीर थकले होते, केस पांढरे झाले होते. पण हात तबल्यावर पडला की पहिल्या 'धा'लाच जुने श्रोते सावरून बसत.

शेवटच्या वर्षांत मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने त्यांना बोलावून घेतले. ज्या शहरात ते लहानपणी बोल घोटीत बसले होते, तेथेच आता ते नव्या पिढीला ते बोल देऊ लागले. लखनौची ओढ मात्र कायम होती; मधूनमधून ते तिकडे जात. तेथेच १३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.