हाफकिन आणि ‘दुसरा गट’

ऐच्छिक मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘प्रायोगिक पद्धती’ असं एक प्रकरण असतं. स्वतंत्र चल, परतंत्र चल, नियंत्रित गट. परीक्षेपुरतं पाठ करायचं नि सोडून द्यायचं. मला हे शब्द खरे भेटले ते वाल्डेमार हाफकिन यांच्या चरित्रात.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसात, ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच!

पण त्यावरून एवढंच कळतं, की लस घेऊन माणूस मरत नाही. प्लेग अडतो का, हे कळायला न टोचलेली माणसंही लागतात. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्मे कैदी आपणहून पुढे आले. अन्न तेच, पाणी तेच, फरक फक्त लशीचा. हा झाला स्वतंत्र चल. आजारी किती पडले, हा परतंत्र चल. न टोचलेल्यांत आजारी आणि मृत, दोन्ही जास्त निघाले.

तरी शंका उरतेच. आपणहून पुढे येणारे मुळातच वेगळे असतील तर? म्हणून १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात प्रत्येक घरातली निम्मी माणसं टोचली. पुढे प्लेग शिरलेल्या घरांत टोचलेले ३ दगावले, न टोचलेले २६.

मी कोनचा. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात अभ्यास होत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तपासायचं कसं? ज्याला हवं त्याला शांत खोलीत बसवून चालणार नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे. पाठ करायचे शब्द तेच, वेळ तीच, आवाज तेवढा वेगळा.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिनांवर आला, नोकरीतून निलंबन झालं. पण त्या दिवशी १०७ जणांना टोचलं होतं आणि ते १९ जण एकाच बाटलीतले होते. बाकीच्या बाटल्यांचे लोक धडधाकट! म्हणजे दोष लशीच्या कृतीत नव्हे, त्या एका बाटलीत. इथेही ‘दुसरा गट’च साक्षीला उभा राहिला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ बाजूने बोलले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. मधली पाच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये लोझान इथे ते वारले.

तेव्हा दोस्तांनो, होस्टेलवर कुणी छातीठोकपणे ‘याने फरक पडतो’ म्हणालं, की एकच विचारा: ज्यांनी ते केलं नाही, त्यांचं काय झालं?