राल्फ बंच : शांत डोके, ताठ मान

भांडण मिटवायला जाणारा माणूस भित्रा, असे आपल्या समाजात अनेकांना वाटते. ज्यांना असे वाटते त्यांच्यासमोर आम्ही आज राल्फ बंच यांचे जीवन ठेवीत आहोत.

बंच अमेरिकेतले काळे. डेट्रॉइटला जन्म, वडील न्हावीकाम करणारे. आई लहानपणीच वारली. आजीने सांभाळले आणि शिकलेच पाहिजे असा हट्ट धरला. झाडलोटीचे काम करीत बंच विद्यापीठात पहिले आले. १९३४ साली हार्वर्डमधून राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. १९३६ साली नॅशनल निग्रो काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुढे ते तिच्यातून बाहेर पडले. याच संघटनेने युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दूरदेशीच्या लढ्याशी आमचे नाते असे जुने आहे.

१९४८ साली इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटले. युनोचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांनी खून केला. ते जबाबदारीचे ओझे बंच यांच्या खांद्यावर आले. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी ऱ्होड्स बेटावरच्या हॉटेलात इजिप्त आणि इस्रायलच्या शिष्टमंडळांना आणले. आधी प्रत्येकाचे वेगळे ऐकून घेतले. मोठे वाद बाजूला ठेवले. चर्चेचे विषय कोणते, एवढ्यावरच प्रथम एकमत घडवले. एका लहान होकारावरून पुढच्या होकाराकडे, असे रात्र रात्र जागून चालले. २४ फेब्रुवारीला करार झाला. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांचेही करार झाले. १९५० चे शांततेचे नोबेल बंच यांना मिळाले. नोबेल मिळवणारे ते पहिले काळे.

बंदुका थांबल्या, पण घरादाराला मुकलेल्या लाखो पॅलेस्टिनींना न्याय मिळाला नाही. युद्धविराम म्हणजे न्याय नव्हे. परंतु माणसे जिवंत राहिली तरच न्याय मागता येतो, हेही तितकेच खरे.

१९५६ च्या सुएझ संघर्षानंतर युनोची पहिली शांतिसेना उभी करण्यात बंच यांचा मोठा वाटा होता. या सैनिकांच्या हाती शस्त्र होते, पण ते फक्त स्वसंरक्षणासाठी. समोरचा शत्रू नाही, हे तिथे गृहीत होते. आम्हाला रमाबाई नगर आठवते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या आमच्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० जीव गेले. परक्या देशांच्या सरहद्दीवर जो संयम पाळता येतो, तो आपल्याच नागरिकांपुढे का पाळता येत नाही? गर्दीशी बोलायला कोणी पुढे का होत नाही?

आणि हेच शांत डोक्याचे बंच अपमान मात्र गिळत नव्हते. १९४९ साली परराष्ट्र खात्यातले उच्च पद त्यांनी नाकारले, कारण राजधानी वॉशिंग्टनमध्ये काळ्यांना वेगळे वागवले जात होते. १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला प्रवेश नाकारला. गवगवा झाल्यावर क्लबने सदस्यत्व देऊ केले. बंच यांनी ते घेतले नाही. नोबेलवाल्याच्या मुलाला दार उघडले म्हणजे सर्व काळ्यांना उघडले असे होत नाही, हे ते जाणून होते. १९६५ साली, प्रकृती ठीक नसतानाही, ते सेल्माच्या मोर्चात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले. ९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

वाटाघाटीच्या टेबलावर बसणारा आणि मोर्चात चालणारा माणूस एकच होता. चळवळीतल्या आमच्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. डोके शांत ठेवणे म्हणजे मान खाली घालणे नव्हे.